छत्रीखालच्या खुर्च्या

माझ्या भाऊजींना जगात एकच काम जमत नाही, आणि नेमका त्याच कामाचा त्यांना पगार मिळतो. ते काम म्हणजे नापास करणं.

भाऊजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून प्लॅस्टिकच्या खुर्च्यांचा कारखाना आहे, त्याच्या गच्चीवर ते नोकरीला आहेत. गच्चीवर लोखंडी मांडण्या आहेत. खाली नव्या मिश्रणाची खुर्ची निघाली की तिचा एक नग वर आणायचा, उन्हात ठेवायचा आणि वाट बघत बसायचं. तिचा रंग उडाला, हात फिरवल्यावर बोटाला पांढरी भुकटी लागली, पायाच्या सांध्यात केसाएवढी चीर दिसली, की खाली जाऊन सांगायचं, "ही गेली." कारखान्यात त्यांना सगळे ऊनवाले म्हणतात.

पण "ही गेली" हे दोन शब्द त्या माणसाच्या तोंडातून निघत नाहीत. ताईने भाजीत दोनदा मीठ घातलं तर ते म्हणतात, "आज चव कशी उठून आलीय." मी कपडे शिवते. शिकत होते तेव्हा पहिला शर्ट भाऊजींना शिवून दिला आणि त्याची एक बाही चांगली चार बोटं लांब झाली. मला वाईट वाटू नये म्हणून तो शर्ट फाटेपर्यंत भाऊजी एक हात कोपरात वाकवून वावरले. कारखान्यात लोकांना वाटलं, हाताला काहीतरी झालंय. भाऊजींनी तेही नाकारलं नाही, कारण आपुलकीने विचारणाऱ्याला खोटं पाडणं त्यांच्या जिवावर आलं.

दिसायला ते अगदी काडी. त्यांचं माप घेताना टेप पुरती उलगडावीसुद्धा लागत नाही. उन्हाने अंग इतकं रापलेलं की कपाळावरच्या आठ्या कोरून काढल्यासारख्या दिसतात, ओठ तडकलेले, कानांच्या पाळ्या सोललेल्या. मी ताईला चिडवायचे, "अगं, त्या गच्चीवर तपासतात कुणाला? खुर्चीला की यांना?" ताई म्हणायची, "खुर्च्या तर कशा नव्या कोऱ्या असतात, तू पाहिल्यात ना." ते मात्र खरं होतं. कारखान्याच्या वार्षिक कार्यक्रमात गच्चीवरच्या खुर्च्या खाली आणून मांडायचे. वर्षभर उन्हात राहिलेल्या त्या खुर्च्या चकचकीत, आणि शेजारी उभा ऊनवाला पार सुरकुतलेला. मॅनेजर भाषणात दोघांकडे बोट करून म्हणायचे, "बघा, दोघांनी एकच ऊन खाल्लंय." टाळ्या पडायच्या. भाऊजीही मनापासून टाळ्या वाजवायचे.

एकदा जेवताना मी त्यांना विचारलं की उन्हाने प्लॅस्टिक मोडतं म्हणजे नेमकं काय होतं. एरवी गप्प बसणारा माणूस, पण हा विषय निघाला की घास हातातच राहतो.

"प्लॅस्टिक म्हणजे एकमेकांचे हात धरून उभी राहिलेली लांबच लांब रांग समजा, मेव्हणीबाई. ऊन येतं आणि एकाचा हात सोडवतं. ज्याचा सुटला तो बिथरतो आणि शेजाऱ्याचा सोडवतो. शेजारी त्याच्या शेजाऱ्याचा. बाहेरून खुर्ची दिसते तशीच, आत सगळे सुटे."

"मग औषध काय करतं?" मी विचारलं. खुर्चीच्या दाण्यांत जे काही मिसळतात त्याला कारखान्यात सरसकट औषध म्हणतात.

"औषधं दोन तऱ्हेची. एक ऊन आपल्याच अंगावर घेतं, काजळीसारखं. म्हणून तर काळ्या खुर्चीला ऊन लवकर बाधत नाही. दुसरं भांडणात मध्ये पडतं. ज्याचा हात सुटला त्याला धरून गप्प बसवतं, म्हणजे पुढचे वाचतात."

"आणि त्या औषधाचं काय होतं?"

"झिजतं बिचारं. हळूहळू संपतं." असं म्हणून भाऊजींनी माझ्या आईची वाटी घेतली आणि ताईकडे सरकवली. त्या दिवशी मायलेकी एकमेकींशी बोलत नव्हत्या आणि भाऊजी मधल्या खुर्चीवर बसले होते.

त्याच कारखान्यात पिशव्यांचं खातं आहे. पिशव्यांत उलटं औषध घालतात. ते रांगेतले हात सोडवायला उन्हालाच मदत करतं, म्हणजे वापरून फेकलेली पिशवी उन्हात पडली की तिचा लवकर भुगा होतो. भुगा झाला म्हणजे प्लॅस्टिक गेलं असं मुळीच नाही, फक्त ते आपल्याला दिसेनासं होतं, असं भाऊजी म्हणतात. त्या खात्याच्या दारावरून जाताना ते मान खाली घालतात. तरी पिशव्याही तपासायला त्यांच्याकडेच यायच्या.

मग एका वर्षी भाऊजी मिठाईचा डबा घेऊन घरी आले. "मॅनेजरसाहेब फार खूश आहेत," ते म्हणाले. "म्हणाले, तुमच्या गच्चीवर एक खुर्ची मोडत नाही, मग एवढं महागाचं औषध घालायचं कशाला? अर्धं केलं. तरी मोडली नाही. मग त्याचं अर्धं केलं. तरी नाही. आता तर औषध साफ बंद केलंय, आणि माझी एक खुर्ची हूं की चूं करत नाही!"

"मग इतकी वर्षं घालत कशाला होते?" मी विचारलं.

"साहेबही हेच म्हणाले," भाऊजी म्हणाले. पिशव्यांचं मात्र उलटं झालं होतं. गच्चीवर पिशवीही फाटत नव्हती, म्हणून तिच्यातलं मोडायचं औषध आधी दुप्पट केलं आणि मग चौपट. आम्ही मिठाई खाल्ली. आईने दोन तुकडे जास्त घेतले, जावयाचं कौतुक म्हणून.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात गावातली माणसं पडायला लागली.

पहिला पडला न्हाव्याच्या दुकानाबाहेर वाट बघत बसलेला एक गृहस्थ. कट्ट असा आवाज आला, खुर्चीचे चार पाय चार दिशांना गेले आणि गृहस्थ जमिनीवर. सगळे हसले, जेवण जरा आवरा म्हणाले. मग बँकेच्या दारातला रखवालदार बंदुकीसकट खाली गेला आणि आतल्या सगळ्यांनी हात वर केले. मग शाळेच्या अंगणात पालक पडले, एकामागून एक, पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत.

आता कुणालाही वाटेल की लोक कारखान्यावर धावून गेले असतील. छे! आमचं गाव तसलं नाही. खुर्चीच्या पाठीवर ठळक छापलेलं असायचं, "गच्चीवर तपासलेली." तपासलेली वस्तू मोडेल कशी? दोष तिचा नसेल, तर मग बसणाराच वाढला असणार. डॉक्टरांनी वजनाचा काटा दवाखान्याबाहेर आणून ठेवला. काट्यावर प्रत्येकाचं वजन होतं तेवढंच भरायचं. डॉक्टर काट्याला दोन चापट्या मारायचे, पुन्हा बघायचे आणि म्हणायचे, "काटा जुना झालाय. खुर्ची काय सांगते ते महत्त्वाचं."

पिशव्यांनी त्यात भर घातली. दुकानातून निघालेली पिशवी घरी पोचेपर्यंत हातात नुसते बंद उरायचे आणि बटाटे रस्त्याने घरंगळत जायचे. "तुमचे हातसुद्धा जड पडायला लागलेत," डॉक्टर म्हणाले, आणि लोकांनी ते मुकाट्याने ऐकून घेतलं. डॉक्टरांनी सकाळी चालण्याचं मंडळ काढलं. सूर्य उगवायच्या आत सगळं गाव हात हलवत रस्त्याने चालायला लागलं. मिठाईवाल्याने काकड्या विकायला घेतल्या. न्हाव्याकडे गिऱ्हाईक उभ्यानेच केस कापून घ्यायचं आणि न्हावी खोक्यावर चढायचा.

माझ्याकडे तर कपडे सैल करून घ्यायला रांग लागली. मी माप घ्यायचे, कंबर तेवढीच. छाती तेवढीच. "सैल कशाला करायचे? बसतायत की," मी म्हणायचे. लोक माझ्याकडे दयेने बघायचे. "तुमची टेप ताणली गेलीय," म्हणायचे. मी चिडून नवी टेप आणली, तीही तेच सांगायला लागली, तेव्हा लोक म्हणाले की हल्ली टेपा आधीच ताणून विकतात. खरं सांगते, शेवटी शेवटी माझाही धीर सुटला. मी संध्याकाळचं खाणं सोडलं आणि गिऱ्हाइकांवर खेकसायला लागले.

आणि मग आई पडली.

आई जाडजूड आहे, माझ्या आठवणीत ती कायम तशीच आहे. इमारतीच्या फाटकाशी पांढऱ्या खुर्चीवर बसणं हे तिचं आयुष्य आहे. तेव्हाची खुर्ची वर्षापूर्वीच नवी आणलेली होती. पोस्टमन चुकला तर ती त्याला पत्ता सांगायची, भाडेकरूंची भांडणं सोडवायची, आणि गल्लीच्या टोकाला कुणाचं मूल रस्त्याकडे धावलं तर बसल्या जागेवरून असा आवाज टाकायची की ते मूल जागच्या जागी थिजायचं. त्या दिवशी वरच्या आणि खालच्या मजल्यावरच्या बायका पाण्यावरून भांडत तिच्यापुढे आल्या होत्या. आईने निकाल द्यायला हात वर केला आणि कट्ट. दोघींचं भांडण तिथेच मिटलं. दोघींनी मिळून तिला उचलायला बघितलं, जमेना, तेव्हा तिसरीला हाक मारली.

हाड मोडलं नाही. पण आई कपडे झटकून आत आली आणि म्हणाली, "झालं. माझंही वाढलं." त्या दिवसापासून तिने जेवण सोडलं. सकाळी गरम पाणी, दुपारी काकडी, रात्री काकडीचं नाव. बसायचंही सोडलं. घरात कुणी आलं की भिंतीला टेकून उभी राहायची, टीव्ही उभ्याने बघायची. बोटातली अंगठी सैल होऊन पडली, आणि गल्ली थिजवणारा तो आवाज इतका बारीक झाला की स्वयंपाकघरातून हाक मारली तरी मला दुसऱ्या खोलीत ऐकू येईना. मला भीती वाटायला लागली. मी फार रडणारी बाई नाही, पण मशीन चालवताना डोळे भरून यायचे आणि शिवण वाकडी जायची.

भाऊजी भेटायला आले. त्यांनी आईकडे बघितलं. "आई," ते म्हणाले, "अशक्तपणा तुम्हाला फार शोभून दिसतो."

एका दुपारी भाऊजी डबा घरीच विसरून गेले. माझं दुकान कारखान्याच्या वाटेवर, म्हणून ताईने तो माझ्याकडे दिला. फाटकावरच्या माणसाने वर जायला सांगितलं. जिना चढून मी गच्चीचं दार लोटलं आणि दारातच उभी राहिले.

मांडण्यांवर पाच खुर्च्या होत्या आणि प्रत्येक खुर्चीवर एक छत्री बांधलेली होती. काळ्या, मोठ्या, चांगल्या छत्र्या. पिशव्या घडी घालून जिन्याच्या आडोशाला सावलीत ठेवलेल्या होत्या, वर ओलं फडकं. आणि भाऊजी उघड्या डोक्याने रणरणत्या उन्हात या छत्रीकडून त्या छत्रीकडे जात होते. सूर्य सरकेल तशी एकेक छत्री थोडी थोडी कलती करत होते.

"भाऊजी!"

ते दचकले. "मेव्हणीबाई, तुम्ही वर कशाला आलात? ऊन किती आहे."

"या छत्र्या कसल्या?"

"दुपारच्या आहेत. सकाळी नसतात हो, शपथ. ऊन कडक झालं की तेवढ्यापुरत्या."

"अहो, पण तुमचं काम यांना उन्हात ठेवायचं आहे ना?"

"उन्हातच आहेत की. गच्ची उन्हातच आहे." मग माझं तोंड बघून त्यांनी मान खाली घातली. "नोकरीला लागलो तेव्हा पहिली निळी खुर्ची ठेवली होती. मीच वर आणली होती, रोज पुसायचो. एका दुपारी मी डबा खात होतो आणि ती कट्ट म्हणाली. कुणी बसलंसुद्धा नव्हतं तिच्यावर. आपली आपणच. खाली जाऊन सांगितलं तर मिक्सरवरचा मास्तर इतकं तोंड पाडून बसला. मिश्रण त्याचं ना! मला ना तिच्याकडे बघवेना, ना त्याच्याकडे."

मला हसावं की रडावं ते कळेना. मी डबा खाली ठेवला. "भाऊजी, आई जेवत नाही."

"माहीत आहे. वजन वाढल्याचं फार मनाला लावून घेतलंय त्यांनी."

"तिचं वजन वाढलेलं नाही. कुणाचंच नाही. तुमच्या खुर्च्या मोडतायत."

"मग माझ्या कशा मोडत नाहीत?" असं म्हणून त्यांनी जवळच्या खुर्चीच्या पाठीवर अभिमानाने थाप मारली.

भाऊजींनी खुर्चीकडे बघितलं. मग छत्रीकडे. मग छत्रीच्या सावलीबाहेर असलेल्या आपल्या रापलेल्या हाताकडे. त्यांचे ओठ हलत होते, ते मनात काहीतरी जुळवत होते: मोडली नाही म्हणून औषध अर्धं, मोडली नाही म्हणून औषध बंद.

"मी त्यांना वाचवत होतो," ते म्हणाले.

"या पाचांना," मी म्हटलं. "बाकीच्या सगळ्या गावात उभ्या आहेत. त्यांच्यात औषध नाही आणि त्यांच्यावर छत्रीही नाही."

ते मांडणीच्या कडेला बसले. खुर्चीवर बसायचं त्यांना धाडस झालं नाही.

त्याच संध्याकाळी ते आईकडे आले. मी दाराआड उभी. "आई, एक सांगायचं होतं," ते म्हणाले.

"सांगा, जावई," आई भिंतीला टेकून म्हणाली.

"तुमच्या दाराचा रंग फार छान आहे." आणि गेले. जिन्यावरून परत आले. "आई, त्या खुर्चीचं..." आईचे डोळे भरले. ती म्हणाली, "खुर्चीचं नाव नका काढू." भाऊजी म्हणाले, "नाही काढत," आणि पुन्हा गेले. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी स्वतःच आईला सगळं सांगितलं, छत्र्यांसकट. ती माझ्या गालावरून हात फिरवून म्हणाली, "तू माझी मुलगी, तू असंच म्हणणार. आणि तुझी टेप ताणलीय असं सगळं गाव म्हणतं. जावई स्वतः तपासतात त्या खुर्च्या. ते नाही काही बोलले."

दुसऱ्या दिवशी सकाळी आई काकडी चिरता चिरता खाली कोसळली. डॉक्टर आले, नाडी बघितली, डोळे बघितले आणि म्हणाले, "अजून थोडं कमी केलं पाहिजे." ताई हुंदके देऊन रडायला लागली. भाऊजी कामावर जाता जाता डोकावले होते, ते उंबऱ्याशीच उभे होते. ते आत आले नाहीत, कामावरही गेले नाहीत. थोड्या वेळाने अंगणात खडखडाट झाला. बघते तर भाऊजी हातगाडी ढकलत येत होते. गाडीवर गल्लीतल्या दारादारांतून उचलून आणलेल्या खुर्च्या, वर्षभर उन्हात राहिलेल्या, फिक्या, हात लावला की भुकटी सुटणाऱ्या.

आईची खाट खिडकीशी होती. मी तिला उशीला टेकवून बसवलं. गल्ली जमा झाली, डॉक्टरही थांबले. भाऊजींनी अंगणाच्या मधोमध एक खुर्ची मांडली, सगळ्यांकडे एकवार बघितलं आणि बसले. कट्ट. काडीसारखा माणूस, पण खुर्ची अशी फाकली की त्यांची टाच त्यांच्याच कानापाशी गेली.

मला वाटलं, झालं, आता तरी यांच्या डोक्यात प्रकाश पडेल.

"बघा!" डॉक्टर ओरडले. "यांनासुद्धा! ही आतली चरबी. वरून दिसत नाही, म्हणून जास्त धोक्याची."

लोक हळहळले. कुणीतरी भाऊजींपुढे काकडी धरली. भाऊजी उठले आणि दुसऱ्या खुर्चीवर बसले. पडले. तिसरीवर बसले. पडले. दर वेळी लोक आणखी कळवळायचे आणि "उद्यापासून चालायला या" म्हणायचे. गुडघा फुटला, शर्ट पाठीवर उसवला, हातगाडी रिकामी झाली, आणि ऊनवाल्यांचं वजन फार वाढलंय यावर गल्लीचं एकमत झालं.

भाऊजी मोडक्या पायांच्या ढिगाऱ्यात उभे होते. त्यांनी खिडकीकडे बघितलं.

"खुर्ची वाईट आहे," ते म्हणाले. इतक्या हळू की मलाच जेमतेम ऐकू आलं.

"मोठ्याने!" मी खिडकीतून ओरडले.

"खुर्ची वाईट आहे!" त्यांचा आवाज चिरकला. "हिच्यात औषध नाही. मी गच्चीवर छत्र्या धरल्या म्हणून खुर्च्या मोडल्या नाहीत, मोडल्या नाहीत म्हणून साहेबांनी औषध काढलं, आणि औषध काढलं म्हणून तुम्ही पडलात. चूक माझी आहे. ही खुर्ची... ही नापास आहे!"

हा शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. अंगणात कुजबूज सुरू झाली. डॉक्टर दुखावलेल्या स्वरात म्हणाले, "म्हणजे आम्ही रोज एवढं चाललो, ते काय उगीच?" तेवढ्यात खिडकीतून आईचा बारीक आवाज आला.

"जावई, म्हणजे मी जाड नाही?"

मला पुढचं माहीत होतं. हा माणूस आता म्हणणार, छे, आई, तुम्ही आणि जाड? आणि आईला वाटणार, हेही शोभून दिसणाऱ्या अशक्तपणासारखंच. मग ती यातलं काहीच खरं मानणार नाही आणि माझी आई माझ्या डोळ्यांदेखत काकडीवर संपून जाणार. मी डोळे मिटून घेतले.

भाऊजींनी बाहीने तोंड पुसलं. "जाड आहात, आई," ते म्हणाले.

"अहो!" ताई किंचाळली.

"जाड आहात. पहिल्यापासून आहात. माझ्या लग्नात होता तेवढ्याच आहात. आमच्या जुन्या खुर्चीने तुम्हाला इतकी वर्षं कुरकुर न करता पेललं. हिला पेलता आलं नाही, तर दोष हिचा आहे."

आई त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिचे खांदे हलायला लागले, मला वाटलं रडतेय. ती हसत होती. आवाज न करता, मग थोडा आवाज करून, मग खाट करकरेपर्यंत. "अगं, लग्न होऊन इतकी वर्षं झाली," ती ताईला म्हणाली, "पण हा माणूस आज पहिल्यांदा खरं बोलला." आणि मग माझ्याकडे वळून, अगदी जुन्या आवाजात नाही, पण त्याच्या जवळपासच्या आवाजात म्हणाली, "बघत काय उभी राहिलीस? ताट वाढ. त्यांनाही वाढ, सकाळपासून किती वेळा पडलेत."

ती जेवली. मी तिच्याकडे बघत समोर बसले होते आणि वाढायचं विसरत होते, तेव्हा तिने स्वतःच हात लांब करून पातेलं ओढलं.

कारखान्यात व्हायचा तो गोंधळ झाला. मॅनेजर खूप ओरडले, पण ऊनवाल्याला काढायचं तर कारण सांगावं लागणार, आणि कारण सांगायचं तर औषध कुणी काढलं तेही सांगावं लागणार. शिवाय त्या गच्चीवर उभं राहायला दुसरं कोण तयार होणार? औषध परत आलं, पिशव्यांतलं कमी झालं. चालण्याचं मंडळ अजून चालतं, फक्त आता लोक परत येताना मिठाई खातात. आईने फाटकाशी लोखंडी खुर्ची ठेवलीय. गच्चीवरच्या छत्र्या तिने जप्त केल्या आणि भाडेकरूंना वाटून टाकल्या. त्यातली एक मात्र भाऊजींना परत दिली. "ही तुमच्या डोक्यावर," ती म्हणाली. "खुर्चीवर धरलीत तर माझ्याशी गाठ आहे."

गेल्या महिन्यात भाऊजी पुन्हा डबा विसरले, मी पुन्हा वर गेले. मांडण्यांवर नव्या मिश्रणाच्या खुर्च्या लख्ख उन्हात होत्या. भाऊजी छत्री घेऊन कठड्याशी उभे होते, खुर्च्यांकडे पाठ करून. रापलेली मान आता काही उजळायची नाही. एकदा सुटलेले हात पुन्हा जुळत नाहीत, हे त्यांनीच सांगितलंय. मी डबा ठेवत होते तेवढ्यात मागे कट्ट झालं.

भाऊजींचे खांदे आखडले. त्यांनी वळून बघितलं नाही. "कोणती?" त्यांनी विचारलं.

"पांढरी. कडेची."

"मास्तर फार खटपट करत होता त्या मिश्रणावर," ते म्हणाले. मग छत्री माझ्या हातात दिली, मोडकी खुर्ची दोन्ही हातांनी उचलली आणि सांगायला खाली गेले.

मी उरलेल्या खुर्च्यांसमोर एकटीच उभी राहिले. एक निळी होती, छान होती, तिच्यावर ऊन सरळ उतरत होतं. छत्री माझ्या हातात उघडीच होती आणि खरं सांगते, माझा हात आपोआप तिकडे जात होता. मी ती मिटली, काखेत मारली आणि भाऊजी जेवायला वर येईपर्यंत तिथेच उन्हात थांबले.